कुत्रा घरी आला, पण मुळात गेला का होता?

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात इयरफोन टिकत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहिलेला भाग. बोलताना माझे जे 'म्हणजे' आणि 'बघा' येतात ते थोडे गाळलेत. सगळे नाही गाळता येत.

आजचा भाग एका सिनेमाच्या वैतागातून सुरू झाला. सिनेमाचं नाव 'अ डॉग्ज वे होम'. हॉलिवूडचा, 2019 चा, 'सहकुटुंब बघा' टाइपचा. दिग्दर्शक चार्ल्स मार्टिन स्मिथ. गोष्ट बेला नावाच्या कुत्रीची. ती आपल्या माणसापासून दुरावते आणि सुमारे 400 मैल, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर चालून डेन्व्हर शहरात परत येते. मुंबईहून पणजीला चालत जाऊन वर आणखी थोडं चालायचं, एवढं अंतर. वाटेत तिची दोन वर्षांहून जास्त जातात.

ऐकायला काय भारी वाटतं ना? मीही त्याच आशेने मोबाईलवर लावला. आणि दीड तास मी वाट बघत बसले की आता काहीतरी होईल. होतं असं की बेलाच्या मनातलं सगळं ब्राइस डॅलस हॉवर्ड या अभिनेत्रीच्या आवाजात आपल्याला ऐकवत राहतात. भूक लागली की 'मला भूक लागली', आठवण आली की 'मला आठवण येते'. अहो, कुत्र्याकडे बघून कळतं ते! कुत्रा पाळलेल्या माणसाला विचारा, शेपटीच्या कोनावरून सांगेल. वर एक कॉम्प्युटरने बनवलेला पुमा आहे, तो मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवरसुद्धा खोटा दिसतो. मोठ्या पडद्यावर काय झालं असेल देव जाणे.

पण माझा खरा वैताग याहून वेगळा आहे. तो सिनेमाच्या पहिल्या वीस मिनिटांबद्दल आहे.

सुरुवात आठवा. पिल्लू असलेली बेला एका पडक्या घराखाली मांजरांसोबत राहते. ते घर पाडायचं आहे. बिल्डर आहे, त्याला जागा मोकळी हवी आहे. समोर राहणारा लुकास नावाचा मुलगा त्या जनावरांच्या बाजूने उभा राहतो, बिल्डरच्या कामात अडथळा येतो. मग बिल्डर काय करतो? मुलाशी भांडत नाही. तो नियम काढतो. डेन्व्हर शहरात 'पिट बुल' जातीच्या कुत्र्यांना बंदी होती. ही गोष्ट खरी आहे बरं का, सिनेमासाठी रचलेली नाही. 1989 मध्ये ही बंदी आली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये लोकांनी मतदान करून ती उठवली. सिनेमात बेलाला पिट बुल ठरवलं जातं, पालिकेची गाडी येते, आणि तिचा जीव वाचवायला लुकासला तिला शहराबाहेर, दुसऱ्या राज्यात पाठवावं लागतं.

बिल्डर, पाडापाडी, पालिकेची गाडी, कोण शहरात राहायला पात्र आणि कोण नाही. मी मानखुर्दमध्ये राहते. मला वाटलं, अरे, हा तर आपला सिनेमा आहे! आणि इथेच दिग्दर्शकाने ते सगळं सोडून दिलं आणि बेलाला डोंगरात पाठवलं. शेवटी कायद्याचा प्रश्न परत येतो, तेव्हा तो दोन मिनिटांत मिटतो. हॉस्पिटलची जागा केंद्र सरकारची, तिथे शहराचा नियम लागू नाही, चला, टाळ्या.

आणखी एक गंमत ऐका. बेलाचं काम केलेली कुत्री, तिचं खरं नाव शेल्बी, ती टेनेसी राज्यात एका कचराडेपोत सापडलेली भटकी कुत्री होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या मानखुर्दच्या शेजारी देवनारचा कचराडेपो आहे, 1927 पासूनचा. तिथे कुत्री आहेत, आणि त्यांच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही हे मला माहीत आहे. पण कचऱ्यातून उचललेल्या कुत्रीला हिरॉईन करायचं आणि तिच्या तोंडी गोड गोड वाक्यं घालायची, म्हणजे जरा जास्तच झालं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. 'इमानी कुत्रा घरी परत आला' ही गोष्ट जगभर सांगतात, आणि सगळे विचारतात, तो आला कसा? मी आज उलटा प्रश्न धरून मागे जाणार आहे. तो घराबाहेर पडला कसा? इतिहास तिथे आहे. सिनेमावाले नेमकं तेच कापतात.

सगळ्यात प्रसिद्ध नावापासून सुरू करू. लॅसी. आजी-आजोबांना विचारा, त्यांना माहीत असेल. एरिक नाइट हा मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा लेखक, नंतर अमेरिकेत राहायला गेलेला. त्याने 1938 मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात ही कथा लिहिली, 1940 मध्ये तिचं पुस्तक केलं. 1938 म्हणजे मंदीचं दशक. यॉर्कशायर हा कोळशाच्या खाणींचा भाग. कथेत खाण बंद पडलेली आहे, बाप बेकार आहे. घरात एकच किमती वस्तू उरली आहे, ती म्हणजे जातिवंत कोली कुत्री. ती ड्यूकला विकली जाते, ड्यूक तिला पार स्कॉटलंडला नेतो, आणि ती तिथून चालत परत येते.

म्हणजे लॅसी हरवली नव्हती. चोरीलाही गेली नव्हती. ती विकली गेली होती, कारण घरात पैसे नव्हते. आणि आता गोष्टीतला पेच बघा. कुत्री परत आली, मुलगा खूश. पण कायद्याने ती आता ड्यूकची आहे. पैसे घेतलेत, आणि बापाला आपल्या प्रामाणिकपणाचा अभिमान आहे. कुत्रीचं इमान आणि गरीब माणसाचं इमान एकमेकांसमोर उभे राहतात. मला ही जागा फार आवडते. इथे कुत्रीच्या चालण्यापेक्षा दाराशी ती दिसल्यावर आईबापांच्या पोटात काय होत असेल, ते महत्त्वाचं आहे.

1943 मध्ये एमजीएमने त्यावर सिनेमा काढला. छोटी एलिझाबेथ टेलर त्यात आहे. लॅसीचं काम केलं ते 'पॅल' नावाच्या कुत्र्याने, म्हणजे हिरॉईनचं काम हिरोने केलं. लेखकाने मात्र तो थिएटरात बघितला नाही. तोवर महायुद्ध सुरू होतं, तो अमेरिकन सैन्यात होता आणि जानेवारी 1943 मध्ये विमान अपघातात गेला. सिनेमात गरिबी थोडी तरी उरली होती. 1954 ते 1973 चाललेल्या टीव्ही मालिकेत खाण गेली, बेकारी गेली, उरली फक्त संकटातून मुलांना वाचवणारी हुशार कुत्री. वीस वर्षं जगाने तीच बघितली.

लॅसीच्याही आधी अमेरिकेत एक खरा कुत्रा होऊन गेला. बॉबी. ऑरेगन राज्यातल्या सिल्व्हर्टन गावचा. 1923 च्या ऑगस्टमध्ये त्याचं कुटुंब नव्या मोटारगाडीच्या हौसेने देशाच्या दुसऱ्या टोकाकडे, इंडियाना राज्यात नातेवाइकांकडे गेलं. कुत्रा सोबत. तिथे गावातली कुत्री त्याच्या मागे लागली, तो पळाला आणि सापडलाच नाही. कुटुंब रडत परत गेलं. फेब्रुवारी 1924 मध्ये, सहा महिन्यांनी, बॉबी सिल्व्हर्टनमध्ये हजर! हडकलेला, पंजे झिजलेले. अंतर अडीच हजार मैलांहून जास्त, म्हणजे चार हजार किलोमीटर.

पेपरात बातमी आली आणि मग जे झालं ते मला कुत्र्याच्या चालण्याइतकंच मोलाचं वाटतं. वाटेवरच्या गावांतून लोकांची पत्रं यायला लागली. हा आमच्याकडे दोन दिवस होता. याला आम्ही जेवू घातलं. याच्या पायाला आम्ही औषध लावलं. ऑरेगनच्या प्राणिमित्र संस्थेने या सगळ्यांची माहिती जमवून त्याचा रस्ता जुळवला. म्हणजे बॉबी एकटा आला नाही. त्याला अनोळखी माणसांनी टप्प्याटप्प्याने घरी पोचवलं, एकमेकांना न ओळखता. त्याच वर्षी त्याच्यावर एक मूकपट निघाला, त्यात त्याने स्वतःच काम केलं. पण गोष्ट सांगताना लोक 'इमान, इमान' करतात आणि भाकरी घालणाऱ्यांना विसरतात.

आता तुम्ही म्हणाल, ताई, ते सगळं ठीक, पण कुत्र्याला रस्ता कळतो कसा ते तरी सांग. सांगते. चेकियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 27 शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांना जंगलात सोडलं. मालक जागेवर लपून उभे. परत येताना काही कुत्री गेलेल्या वाटेनेच, वास हुंगत आली. काही मात्र अगदी नव्या वाटेने आली. आणि नव्या वाटेने येणाऱ्यांत एक मजेशीर सवय दिसली. परत फिरताना त्यांनी आधी साधारण 20 मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धाव घेतली, आणि मग घराची दिशा पकडली. जशी आपण गुगल मॅप उघडल्यावर बाण कुठे वळतोय ते बघायला चार पावलं इकडेतिकडे चालतो ना, तसं. संशोधकांचा अंदाज असा की पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना जाणवत असावं. पण ही जंगलातली छोटी फेरी होती. शेकडो किलोमीटरचं कोडं त्याने सुटत नाही.

बरं, आता आपल्याकडे या. आपल्या परंपरेत कुत्रा भरपूर आहे. धर्मराजाच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आहे. खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. रायगडावर शिवरायांच्या समाधीजवळ वाघ्याचं स्मारक आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा. या वाघ्याबद्दल थोडं सांभाळून बोलावं लागतं. समकालीन कागदपत्रांत त्याचा पुरावा नाही, असं अनेक इतिहास अभ्यासक सांगतात. राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकामुळे त्याची कथा लोकांच्या मनात पक्की झाली. स्मारक 1936 चं, त्याला तुकोजी होळकरांची देणगी होती. 2011 मध्ये काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा हटवला, मग तो परत बसवला गेला, आणि 2025 मध्ये वाद पुन्हा पेटला. मला इथे कोणाची बाजू घ्यायची नाहीये. मला दिसतं ते एवढंच की एका कुत्र्याची जागा कुठली, यावर आपण शंभर वर्षांनीही भांडतोय.

पण या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे, लक्षात आली का? आपला कुत्रा माणसाच्या मागे जातो. डोंगरावर, स्वर्गात, आगीत. तो एकटा घरी परत येत नाही. परत येण्याची गोष्ट आपल्याकडे जवळजवळ नाहीच. हिंदी सिनेमातही बघा. 'तेरी मेहरबानियां' मधला कुत्रा बदला घेतो, 'हम आपके हैं कौन' मधला टफी चिठ्ठी पोचवतो. चालत घरी येणारा कोण?

मला वाटतं याचं कारण साधं आहे. परत येण्यासाठी आधी कुत्र्याचं 'घर' लागतं, चार भिंतींचं, एका मालकाचं. आपल्याकडचा बहुतेक कुत्रा गल्लीचा. सकाळी एका घरची शिळी पोळी, दुपारी खाटकाच्या दुकानापुढे, रात्री रिक्षाखाली. त्याला चार नावं असतात. एक काळू म्हणतो, एक टायगर म्हणतो. तो ना घरका ना घाटका नसतो, तो पूर्ण गल्लीचा असतो.

आणि म्हणूनच 2024 ची बातमी वाचून मी उडाले. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यातलं यमगर्णी गाव. सीमाभाग, घराघरांत मराठी. तिथल्या एका वारकऱ्याचा काळा कुत्रा, त्याचं नाव चक्क 'महाराज'. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हा वारकरी मित्रांबरोबर पंढरपूरला पायी निघाला, महाराजही निघाला. कोणी दोरी बांधली नव्हती, कोणी बोलावलं नव्हतं. त्याला भजन ऐकायला आवडतं, असं मालकाने बातमीदारांना सांगितलं. पोचले, विठोबाचं दर्शन झालं, आणि बघतात तर महाराज गायब. आषाढीआधीचं पंढरपूर म्हणजे काय गर्दी असते तुम्हाला माहीत आहे, तिथे माणूस हरवला तर लाऊडस्पीकरवर नाव घेतात. कोणीतरी म्हणालं, तो दुसऱ्या दिंडीबरोबर गेला. शोधलं, सापडला नाही. मालक 14 जुलैला घरी परतला. दुसऱ्या दिवशी बघतो तर महाराज दारात उभा, शेपटी हलवत! जणू काही झालंच नाही. बातम्यांनुसार अंतर सुमारे 250 किलोमीटर. आणि तो हडकलेला नव्हता, खाऊनपिऊन ठणठणीत होता.

गावाने काय केलं? हार घातला, मिरवणूक काढली, जेवणावळ घातली. वारीहून आलेल्या माणसाचं करतात तसंच.

या बातमीत मला तीन गोष्टी दिसतात. एक, महाराजला कोणी विकलं नाही, हाकललं नाही, गाडीत घातलं नाही. तो आपल्या पायांनी गेला होता, म्हणून रस्ता त्याच्या नाकाला आणि पायांना माहीत होता. मोटारीने नेलेल्या कुत्र्याला हे मिळत नाही. दोन, तो ठणठणीत होता, म्हणजे वाटेत त्याला खायला मिळत होतं. वारीच्या दिवसांत त्या रस्त्यांवर अन्नाला तोटा नसतो. गावोगाव पंगती उठतात, चहा, केळी, भाकरी-पिठलं. नामदेवांची गोष्ट आठवते ना? कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ज्या वाटेवर ही गोष्ट सांगितली जाते त्या वाटेवर कुत्रा उपाशी मरत नाही, असं मानायला मला आवडेल. बॉबीच्या वाटेवरच्या लोकांनी निदान पत्रं तरी लिहिली. आपले लोक पत्र लिहीत नाहीत, भाकरी घालतात आणि विसरतात. आणि तीन, येताना त्याने महाराष्ट्र-कर्नाटक सीमा ओलांडली. 1956 पासून ज्या रेषेवर मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले, कोर्टात केस चालू आहे, ती रेषा त्याच्या पंजाखालून गेली.

यावर कोणी सिनेमा काढला तर माझी एकच विनंती. कृपा करून कुत्र्याला बोलायला लावू नका.

आता मुंबई. इथे कुत्र्याच्या घराचा प्रश्न फार जुना आहे, आणि तो रक्त सांडून सुरू झालाय.

1832. कंपनी सरकारचा काळ. भटकी कुत्री मारायचा नियम आधीपासून होता, ठरावीक उन्हाळी दिवसांपुरता. त्या वर्षी ती मुदत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे ही तेव्हा मोठी रक्कम. मग काय होणार? मारेकरी भटकं-पाळीव बघेनासे झाले, घरांच्या आवारातली कुत्री ओढू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. माणूस गेल्यावर प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला 'सगदीद' म्हणतात. 6 जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही उतरले, फौजेची रसद अडली. शेवटी सैनिक बोलवावे लागले, धरपकड झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'कुत्र्यांची दंगल' म्हणतात. शाळेत आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, का माहीत नाही, वर्गात सगळ्यात जास्त लक्ष याच धड्याला दिलं असतं.

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ सुरू केलं. आज तिथे गायी दिसतात, पण ते सुरू होण्यामागे या कुत्र्यांच्या प्रश्नाचाही हात होता.

मारणं मात्र थांबलं नाही. ते शहरात 1990 च्या दशकापर्यंत चालू राहिलं. मग नसबंदीचं धोरण आलं आणि 2001 मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम केले. कुत्रा पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, आणि जिथून पकडला तिथेच परत सोडा. कानाला छोटी खाच दिसते ना काही कुत्र्यांच्या? तीच खूण. 2023 मध्ये नियम नव्याने आले, पण 'तिथेच परत सोडा' हे कलम राहिलं.

मी हा नियम वाचला तेव्हा थांबून परत वाचला. भारताच्या कायद्यात भटक्या कुत्र्याला एक पत्ता आहे! मालक नाही, भिंत नाही, पण पत्ता आहे. तोच कोपरा, तोच नाका. यामागे दया आहे तसं शास्त्रही आहे. एका जागेची कुत्री उचलली की रिकाम्या जागेत बाहेरची नवी कुत्री येतात, नसबंदी नसलेली, लस नसलेली.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. कुत्रा चावतो. सगळ्यात जास्त चावतो तो पायी चालणाऱ्याला, पहाटे पाण्याला उठणाऱ्या बाईला, कचरा वेचणाऱ्या मुलाला. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. कारमधून जाणाऱ्याने 'आम्ही प्राणिप्रेमी' म्हणणं सोपं असतं. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यामागे हीच भीती होती. मोठा गदारोळ झाला आणि 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने आदेश बदलला. पिसाळलेली आणि हल्ला करणारी सोडून बाकीची कुत्री नसबंदी-लस करून त्याच भागात परत सोडा. मग 7 नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. म्हणजे नाक्यावरच्या काळूला पत्ता राहिला, फलाटावरच्या काळूचा गेला. डेन्व्हरमध्ये जात बघून ठरत होतं, इथे जागा बघून.

सिनेमावाल्यांनी जे दोन मिनिटांत मिटवलं, ते आपल्याकडे 1832 पासून चालू आहे.

शेवटचं, मानखुर्दचं. आमच्याकडे लल्लूभाई कंपाउंड आहे. इमारतींचं दाट जंगल. मुंबईत रेल्वे आणि रस्ते रुंद करायचे होते, त्या प्रकल्पात रुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या झोपड्या हलवल्या, लाखाच्या आसपास माणसं. त्यातली बरीच कुटुंबं इथे आली. खोली 225 चौरस फुटांची. पात्र कोण ते ठरवायला झोपडीवर नंबर, यादीत नाव, कागद. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या नंबरची पावती अजून जपून ठेवलेली असेल.

ओळखीच्या एक काकू तशाच आल्या. त्यांची झोपडी रुळांच्या कडेला होती. त्यांच्याकडे मोत्या होता. म्हणजे 'त्यांच्याकडे' कसलं, तो आख्ख्या रांगेचा, पण झोपायचा त्यांच्या उंबऱ्यात. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा मोत्याला वर चढवायचा प्रयत्न झाला. तो उडी मारून उतरला, दोनदा. तिसऱ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, बाई, उशीर होतोय.

मी काकूंना विचारलं, मग तो शोधत आला नाही का कधी? सिनेमा डोक्यात ना माझ्या. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, तो कशाला शोधत येईल? तो घरीच होता. गेलो तर आपण."

त्यांचा मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. तो रविवारी लोकलने जुन्या जागी जायचा, खिशात बिस्किटाचा पुडा घेऊन. झोपड्या पाडलेल्या, विटांचा ढीग, आणि त्या ढिगावर, जिथे उंबरा होता तिथे, मोत्या बसलेला. बाजूचा चहावाला त्याला ब्रेड घालायचा. हे काही महिने चाललं. पुढे तिथे भिंत बांधली, चहावालाही उठला, आणि एका रविवारी मुलगा पुडा तसाच घेऊन परत आला. काकू म्हणतात, तो पुडा त्याने त्या दिवशी कोणालाच खाऊ दिला नाही.

लल्लूभाईच्या इमारतींखाली आता वेगळी कुत्री आहेत, इथेच जन्मलेली. काकू रोज रात्री खाली उतरून दोघांना भात घालतात. एकाचं नाव मोत्या आहे.

पुढच्या भागात देवनारच्या कचराडेपोची गोष्ट, 1927 पासूनची. तोवर भेटू, मंडळी.